वाघ उसांत कां राहतो ?

पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकास जुन्नर आणि आंबेगांव हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. त्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार उभी आहे. तिच्या अंगाखांद्यावर नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर हीं ठिकाणें. पूर्वेस कुकडी, मीना व घोड ह्या नद्यांच्या कांठचें मोकळें रान. शिवनेरीच्या योगानें जुन्नरचें नांव महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक असतें. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत ह्या तालुक्यांचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें बहुधा वेगळ्याच कारणानें. उसाच्या फडांत बिबट्या दिसला. गोठ्यांतून शेळी गेली. अंगणांतलें कुत्रें एका रात्रींत नाहींसें झालें. आणि मधून मधून अशीही बातमी येते कीं, ती वाचून घरांतल्या माणसांनीं एकमेकांकडे पाहावें आणि कांहीं बोलूं नये : एखाद्या लहान मुलावर त्यानें झडप घातली.

ह्या भागांतला हा प्राणी पट्टेरी वाघ नव्हे, अंगावर ठिपके असलेला बिबट्या होय. पण गांवकरी त्यास वाघच म्हणतात, आणि वाघ म्हणूनच त्याचा धाक बाळगतात. शहरांतील सुशिक्षित माणूस ह्या बातमीचा अर्थ चटकन लावतो. जंगलें तुटलीं, जनावरास खावयास उरलें नाहीं, म्हणून तें भुकेनें वाट चुकून गांवांत आलें. त्यास पकडावें आणि पुन्हां जंगलांत नेऊन सोडावें, म्हणजे तेंही सुखी व गांवही सुखी. ह्या उत्तरांत दया आहे आणि व्यवहारही आहे. म्हणून तें मनास पटतें. परंतु जुन्नरच्या रानांत हाच उपाय मोठ्या प्रमाणावर करून पाहण्यांत आला, आणि त्याचें फळ अपेक्षेच्या अगदीं उलट आलें. तें कां आलें हें समजण्यासाठीं वाघापासून नव्हे, तर गवताच्या पात्यापासून आरंभ करावा लागतो.

सजीव सृष्टींत आपलें अन्न आपण तयार करण्याची विद्या मुख्यतः हिरव्या पानाला साधली आहे. सूर्याचा प्रकाश, हवेंतील कर्बवायु आणि मुळांनीं ओढलेलें पाणी ह्यांपासून पान साखर बनवितें. बाकी बहुतेक सर्वांची गुजराण त्या साखरेवर चालते. सशानें गवत खाल्लें आणि सशाला कोल्ह्यानें खाल्लें, तर कोल्ह्याच्या पोटांतही अखेर ऊनच गेलें. ह्या क्रमास अन्नसाखळी म्हणतात. गवत हें उत्पादक. ससा हा पहिल्या पायरीचा भक्षक. कोल्हा दुसऱ्या पायरीचा. कोल्हा मेला म्हणजे त्याच्या देहाची माती करणारे किडे, बुरशी आणि सूक्ष्म जंतु पुढें येतात; त्यांस विघटक म्हणतात. ते देहांतले क्षार जमिनीस परत देतात, आणि तेच क्षार मुळांच्या वाटेनें पुन्हां गवतांत चढतात. साखळीचें शेवटचें कडें असें पहिल्या कड्यास जोडलेलें असतें.

अर्थात् एक प्राणी एकच पदार्थ खाऊन राहतो असें क्वचितच घडतें. उंदीर दाणे खातो, कंद खातो, किडेही खातो. त्याला घुबड खातें, धामण खाते, मुंगूस खातें. अशा अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून जें तयार होतें त्यास अन्नजाळें असें नांव आहे. हें जाळें आणि त्याच्या खालची माती, पाणी व हवा मिळून एक परिसंस्था होते.

ह्या शास्त्राला परिसरविज्ञान म्हणतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल ह्यानें १८६६ सालीं त्यास नांव दिलें तें 'घर' ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. पुढें १९२७ सालीं चार्ल्स एल्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें अन्नसाखळीची कल्पना ग्रंथरूपानें मांडली आणि एक साधें पण महत्त्वाचें निरीक्षण नोंदविलें : साखळींत जसजसें वर जावें तसतशी प्राण्यांची संख्या कमी होत जाते. १९३५ सालीं आर्थर टान्सले ह्यानें परिसंस्थेची कल्पना शास्त्रास दिली. आणि ही संख्या कमी कां होते ह्याचें उत्तर रेमंड लिंडमन ह्या अमेरिकन तरुणानें एका लहानशा तळ्याचा वर्षानुवर्षें हिशेब ठेवून १९४२ सालीं दिलें. त्याचा निबंध छापून येण्यापूर्वींच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो मरण पावला.

लिंडमननें घालून दिलेला हिशेब संसारी माणसाला सहज उमगेल असा आहे. प्राणी जें खातो त्यांतलें बहुतेक जगण्यांतच खर्चून जातें : चालण्यांत, श्वास घेण्यांत, अंगाची ऊब राखण्यांत. त्याच्या अंगीं लागतें तें थोडें. आणि त्याला खाणाऱ्याच्या वांट्यास येतें तें एवढेंच. ढोबळ मानानें एका पायरीवरील शक्तीचा दहावा हिस्सा वरच्या पायरीवर पोंचतो. पानांत हजार रुपये जमा झाले असले तर हरणाच्या हातीं शंभर येतात आणि हरणाला खाणाऱ्या वाघाच्या हातीं दहा. म्हणूनच एका पट्टेरी वाघाला वर्षाकांठीं सुमारें पन्नास मोठीं जनावरें मारावीं लागतात, आणि हीं पन्नास जनावरें दरसाल मिळावीं व कळपही टिकावा ह्यासाठीं त्याच्या रानांत पांचशेंच्या आसपास तशीं जनावरें असावीं लागतात.

बळवंतानें दुबळ्यास गिळावें ह्याला मात्स्यन्याय म्हणतात, आणि रानांत तोच चालतो असा सर्वसाधारण समज आहे. परिसरविज्ञान ह्या समजाला एक पुरवणी जोडतें. मोठा मासा लहान माशाला गिळतो हें खरें. परंतु मोठे मासे किती असावेत हें बव्हंशीं लहान मासेच ठरवितात. वाघांची संख्या वाघाच्या शौर्यावर अवलंबून नसते, त्याच्या ताटांत काय पडतें ह्यावर अवलंबून असते. जुन्नर-आंबेगांवच्या प्रश्नाची किल्ली ह्या एका वाक्यांत आहे.

आतां हें ताट प्रत्यक्ष पाहावें. प्रथम पश्चिमेकडचें. भीमाशंकरच्या डोंगरावर वर्षास ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. येथील सदाहरित रानास १९८५ सालीं अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३० चौरस किलोमीटर आहे. जांभूळ, हिरडा, आंबा ह्यांच्या शेंड्यांवरून शेकरूं उड्या मारीत जातें. तांबूस तपकिरी रंगाची, लांब झुपकेदार शेपटीची ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी होय. तिचें खाणें फळें, बिया, फुलें व झाडाची साल. जमिनीवर ती क्वचितच उतरते. तिच्यावर आकाशांतून गरुडाची नजर असते. खालीं झुडपांत भेकर चरतें, ओढ्याकांठीं सांबर येतें, रानडुक्कर माती उकरून कंद काढतें; आणि ह्या सर्वांवर बिबट्या गुजराण करतो.

ह्याच रानांत पावसाळ्याच्या काळोख्या रात्रीं कुजलेल्या फांद्यांवर एक प्रकारची बुरशी फिकट हिरवट प्रकाशानें चमकते. ती पाहावयास हल्लीं शहरांतून माणसें जातात. कौतुक प्रकाशाचें होतें. पण तिचें खरें काम निराळेंच आहे. पडलेल्या लांकडाची माती करणाऱ्या विघटकांपैकीं ती एक आहे. तिनें व तिच्यासारख्या इतरांनीं काम थांबविलें तर कांहीं वर्षांत सारें रान आपल्याच पालापाचोळ्याखालीं उपाशी राहील. माणूसही ह्या जाळ्यांत पूर्वीपासून आहे. ह्या डोंगरांतील महादेव कोळी हिरडा गोळा करून विकतात. आहुप्याजवळच्या देवरायांतून कुऱ्हाड चालत नसे. आणि अश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळून वाघोबाला नैवेद्य दाखविण्याची त्यांची चाल आहे. वाघ शेजारीं राहणारच, तेव्हां त्याच्याशीं शेजारधर्म कसा पाळावा, ह्याचा विचार त्या चालीमागें दिसतो.

तथापि अशा निबिड रानांत बिबटे विपुल असावेत ही समजूत बरोबर नाहीं. घनदाट छायेखालीं गवत थोडें उगवतें, गवत थोडें म्हणून हरणें थोडीं, आणि हरणें थोडीं म्हणून बिबटेही थोडेच. झाडी दाट असणें निराळें आणि ताट भरलेलें असणें निराळें.

पूर्वेकडे गोष्ट अगदींच वेगळी. मंचर, नारायणगांव, आळें, बेल्हें ह्या बाजूस पाऊस डोंगराच्या मानानें फारच थोडा. एके काळीं येथें बाजरी, ज्वारी, हुलगा, मठ हीं पिकें होत. बाजरी तीन-चार महिने उभी राही. कापणी झाली कीं रान उघडें पडे आणि कोसभर अंतरावरील ससाही दिसे. अशा उघड्या माळावर लांडगा राहूं शकतो. दबा धरून शिकार करणाऱ्या बिबट्यास तेथें दडावयास जागा नसते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत कुकडी प्रकल्पांतील धरणें बांधलीं गेलीं : येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभें. कालव्यांनीं पाणी आलें, पाण्यामागून ऊस आला, आणि उसामागून साखर कारखाने आले. जुन्नरांत विघ्नहर आणि आंबेगांवांत भीमाशंकर. शेतकऱ्याच्या घरांत पैसा आला, मुलें शाळा-कॉलेजांत गेलीं. ही सारी प्रगति खरी आहे आणि ती कोणीही नाकारूं नये. परंतु त्याच वेळीं, कोणी न ठरवितां, एक नवी परिसंस्था उभी राहिली. सुरू ऊस बारा महिने उभा असतो, आडसाली तर सोळा ते अठरा. एक फड तुटतो तेव्हां शेजारचा वाढत असतो. पुरुषभर उंचीचें, आंतून गारवा असलेलें, पाटाच्या पाण्याजवळचें, आणि दिवसभर माणूस आंत शिरत नाहीं असें हें आवरण बिबट्याला झाडीइतकेंच सोयीचें आहे. त्यास हें शेत आहे कीं वन, हा भेद माहीत नाहीं.

आवरण झालें, आतां अन्न. उसाच्या मुळाशीं उंदीर व घुशी बिळें करतात, रानडुकरें ऊस मोडून खातात, मुंगूस व कोल्हा त्यांत वावरतो. पण बिबट्याच्या ताटांतील मोठा वांटा ह्यांचा नाहीं. जुन्नरच्या उत्तरेस, हरिश्चंद्रगडापलीकडे, अकोलें तालुका आहे. तेथेंही असेंच धरणाचें पाणी आणि उसाचें रान. तेथें विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्यांच्या विष्ठेंतील केंस तपासून त्यांच्या आहाराचा हिशेब केला आणि तो २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. वजनाच्या मानानें शेंकडा ८७ भाग आहार पाळीव किंवा गांवांत राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि त्यांत एकट्या कुत्र्याचा वांटा शेंकडा ३९. शेळ्या कुत्र्यांहून कितीतरी पट अधिक असूनही त्यांचा वांटा ११च्या आसपास. कारण उघड आहे : शेळी रात्रीं कोंडलेली असते, कुत्रें मोकळें असतें. शिवाय त्याचें वजनही बिबट्याला ओढून नेण्यास बेताचें.

ह्याच भागांत स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या गणनेंत, जेथें दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहतात तेथें, दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे आढळले. आणि जवळजवळ तितकीच तरसें. हे वाट चुकलेले पाहुणे नव्हते. त्यांच्या माद्या तेथेंच वीत होत्या, त्यांचे बछडे तेथेंच वाढत होते. कांहींच्या गळ्यांत रेडिओलहरी सोडणारे पट्टे बांधले, तेव्हां दिसून आलें कीं ते रात्रीं घरांच्या अगदीं जवळून फिरत आणि दिवस उगवण्याच्या आंत दूर जाऊन पडत. घरांतल्या माणसांना त्यांची चाहूलही लागत नसे.

मग साखळीचें पुढचें कडें शोधावें लागतें : इतकीं कुत्रीं कोणाच्या अन्नावर जगतात ? उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसालाही ओळखीचें आहे. उकिरडा, हॉटेलांतलें उष्टें, कोंबड्यांच्या शेडांबाहेर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानामागची घाण, आणि गांवाबाहेर टाकलेलीं मेलेलीं गुरें. शेवटच्या गोष्टीस एक इतिहास आहे. पूर्वीं मेलेलें गुरूं गांवाबाहेर पडलें कीं आकाशांतून गिधाडें उतरत आणि थोड्याच वेळांत हाडें तेवढीं शिल्लक ठेवीत. १९९० नंतरच्या वर्षांत हीं गिधाडें भारतांत झपाट्यानें नाहींशीं झालीं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर पंधरा वर्षांत शेंकडा ९९हून अधिक घटली. त्याचें कारण २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उघड केलें. गुरांच्या दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफेनॅक हें औषध मेलेल्या गुराच्या मांसांत उरतें, आणि तें पोटांत गेलें कीं गिधाडाचीं मूत्रपिंडें निकामी होतात. २००६ सालीं भारत सरकारनें जनावरांसाठीं ह्या औषधावर बंदी घातली. पण गिधाडें परत येण्यास पिढ्या लागतात. त्यांनीं सोडलेलें ताट रिकामें राहिलें नाहीं. तें देशांत बऱ्याच ठिकाणीं कुत्र्यांनीं उचललें. गाईच्या दुखण्यावर दिलेलें औषध, आकाशांतून गेलेलें गिधाड, आणि उकिरड्यावर वाढलेलें कुत्रें : वरवर पाहतां ह्या तीन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. अन्नजाळ्यांत मात्र त्या एकाच दोऱ्याच्या गांठी आहेत.

आतां आरंभींच्या उपायाकडे वळावें. २००१ सालाच्या सुमारास जुन्नर वनविभागांत पिंजरे लावून बिबटे पकडण्यास व दूरच्या जंगलांत सोडण्यास मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. २००३ अखेरपर्यंत शंभराच्या वर बिबटे पकडले गेले. हेतु चांगला होता, लोकांची मागणीही तीच होती. विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं ह्या प्रयोगाचा हिशेब प्रसिद्ध केला. तत्पूर्वीं, १९९३ पासून २००१ पर्यंत, माणसांवरील हल्ले वर्षास सरासरी चार होत. प्रयोग सुरू झाल्यावर ते वर्षास सरासरी सतरावर गेले. आणि हल्ल्यांपैकीं प्राणघातक ठरणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १८ वरून ३६ वर चढलें.

हें आश्चर्य वाटण्याजोगें असलें तरी अन्नसाखळी ध्यानांत घेतल्यावर उलगडतें. एका टापूंत राहणारा प्रौढ बिबट्या तेथील वाटा, गोठे, कुत्रीं आणि माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा जाणून असतो. माणूस टाळून पोट कसें भरावें हें तो वर्षानुवर्षें शिकलेला असतो, आणि दुसऱ्या बिबट्यास तो आपल्या हद्दींत सहसा टिकूं देत नाहीं. त्यास उचललें कीं हद्द मोकळी होते. पण कुत्रीं तींच, उकिरडा तोच, ऊस तोच. भरलेलें ताट पाहून नवा बिबट्या येतो, पुष्कळदां अननुभवी व तरुण. कधीं एकाच्या जागीं दोनही येतात. उलट ज्यास नेऊन सोडलें तो अनोळखी मुलुखांत, पिंजऱ्यांतील दिवसांनीं बिथरलेला, भुकेला असा भटकत राहतो आणि त्या जंगलाच्या कडेच्या गांवांत शिरतो. वाघ एका ठिकाणचा काढला. त्याला पोसणारी साखळी मात्र होती तेथेंच राहिली.

अशा नेऊन सोडलेल्या प्राण्यांतील एकाची हकीकत महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झाली. २००९ सालीं पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेला एक वयस्क बिबट्या बाहेर काढून, गळ्यांत पट्टा बांधून, जुन्नरच्या सरहद्दीवरील माळशेज घाटांत सोडण्यांत आला. संशोधकांनीं त्यास 'आजोबा' हें नांव दिलें. तो तेथें राहिला नाहीं. घाट उतरून, रस्ते व लोहमार्ग ओलांडून, थोड्याच आठवड्यांत सुमारें १२० किलोमीटर चालून तो थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत पोंचला. वाटेंत त्यानें माणसास इजा केल्याची नोंद नाहीं. २०११ सालीं रस्त्यावर वाहनाच्या धडकेनें तो मेला. २०१४ सालीं त्याच्या नांवाचा मराठी चित्रपटही निघाला. सरकारी कागदावर ठरविलेली जागा आणि बिबट्याच्या मनांतली जागा ह्या दोन निराळ्या असतात, एवढें तरी त्यानें सिद्ध केलें.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढूं नये कीं, गांवकऱ्यांनीं मुकाट्यानें सोसावें. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शेजारच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड-जांबूतच्या बाजूस थोड्या दिवसांच्या अंतरानें तीन माणसांचे जीव गेले, आणि त्यांत दोन मुलें होतीं. संतप्त लोकांनीं महामार्ग अडविला. अखेर एका बिबट्यास गोळी घालण्यांत आली. ज्या घरांतलें मूल गेलें त्या घराला अन्नजाळ्याचा धडा सांगावयास जाणें हा क्रूरपणा होईल. माणसावर वारंवार येणारें जनावर दूर करणें हें कर्तव्यच आहे. माणिकडोह येथें वनखात्याचें निवारा केंद्र आहे. परत सोडतां न येणारे बिबटे तेथें ठेवले जातात. परंतु एक बिबट्या नेल्यानें काम पुरें झालें असें मानणें म्हणजे गळक्या छपराखालचें पाणी पुसून छप्पर तसेंच ठेवणें होय. पुढच्या सरीला तेथेंच पाणी पडणार.

छप्पर शाकारावयाचें म्हणजे साखळीच्या खालच्या कड्यांस हात घालावयाचा. त्यांतल्या बहुतेक गोष्टी साध्या आहेत. मेलेल्या कोंबड्या व गुरें उघड्यावर न टाकतां पुरलीं, आणि उष्ट्याखरकट्याचा उकिरडा झांकला, तर कुत्र्यांची वीण आपोआप आवरते. आणि कुत्रीं कमी झालीं कीं बिबट्याचें ताटही तेवढें लहान होतें. शेळ्यांसाठीं नुसतें कुंपण पुरत नाहीं, कारण बिबट्या उत्तम चढणारा आहे. गोठ्यास वरून छत आणि मजबूत दार लागतें. शेतीच्या पंपांना वीज पुष्कळदां रात्रीं मिळते, म्हणून शेतकरी रात्रीं एकटा उसाला पाणी धरावयास जातो. ती वीज दिवसा द्यावी ही त्याची जुनी मागणी आहे, आणि ती केवळ सोयीची नसून जिवाची आहे. खालीं वांकून काम करणारें माणूस किंवा लहान मूल अंधारांत बिबट्यास जनावरासारखें भासूं शकतें. म्हणून संध्याकाळनंतर मुलांना एकटें बाहेर न सोडणें, अंगणांत दिवा ठेवणें, परसाकडेस बाहेर जावें न लागणें ह्या गोष्टींना रक्षणाचें मोल आहे.

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीच्या हंगामाचा. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होतें, आणि बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून टोळ्या येतात. त्यांची वस्ती उसाच्या पाचटाच्या कोप्यांत, फडाच्या कडेला. कोपीला दार नसतें, आणि आईबाप पहांटेच्या अंधारांत तोडीला गेले कीं लहानगीं तेथेंच उरतात. नेमक्या ह्याच वेळीं फड तुटत जातो, बिबट्याचें आवरण दररोज आकुंचित होतें आणि सरींत बछडीं सांपडतात. बछडें उचलून नेलें तर मादी त्याच्या शोधांत आसपास फिरते आणि धोका वाढतो. म्हणून वनखात्याचीं व त्याच्या मदतनिसांचीं माणसें तीं बछडीं तपासून रात्रीं त्याच जागेजवळ उघडतां येईल अशा पेटींत ठेवतात आणि दूर होतात. बहुधा रात्रींतून मादी येते आणि मानगुटीस धरून पिल्लूं घेऊन जाते. येथें बिबट्याची सोय पाहिली जाते ती माणसाच्या सुरक्षिततेसाठीं. पण कोपींतल्या मुलास भक्कम निवारा देणें हें वनखात्याचें एकट्याचें काम नव्हे. तें कारखान्याचें, सरकारचें, आणि त्या उसाची साखर ज्यांच्या चहांत पडते त्या सर्वांचें आहे.

कारण शहरांतील घरही ह्या जाळ्याबाहेर नाहीं. जुन्नरच्या कालव्याचें पाणी, आंबेगांवचा ऊस, कारखान्याची साखर, मांसाचें दुकान, गोठ्यांतलें दूध आणि दुखणाईत गाईचें औषध ह्या सर्वांच्या टोंकाला कोणीतरी गिऱ्हाईक बसलेलें असतें. परिसंस्था म्हणजे दूर डोंगरावरचें, तारेचें कुंपण घातलेलें कांहीं आहे ही समजूत सोडावी लागते. धरण बांधतांना, पीक बदलतांना, मेलेलें गुरूं टाकतांना माणूस नकळत दुसऱ्या कोणाचें तरी ताट वाढीत असतो. तें ताट कोण उचलील हें आधीं पाहण्याची संवय लागली, तर पुढच्या हंगामांत फडाच्या कडेला निजणाऱ्या एखाद्या लेंकराची रात्र निर्धास्त जाईल.